मधली खाच

पुढचं चाक जमिनीपासून वीतभर वर,
इंजिनाखाली ओंडका.
"दोन बोटांनी धर. हळू फिरव."
हँडल डावीकडून येताना मधोमध अडकलं, टक्,
दाराची कडी आपोआप पडावी तसं.
उजवीकडूनही: टक्.
निबाल्दो नावेल्किन मिशीतच म्हणाला,
"हा माणूस अकरा वर्षं फक्त सरळ गेलाय."

रोसेन्दो. विजेचे मीटर वाचतो.
कास्त्रो ते रिलान, खडीचा रस्ता,
जाताना तोच, येताना तोच.
प्रत्येक खड्डा चिमट्यातून वर चढायचा
आणि कोनसेटच्या त्याच त्या जागी
घण घालून जायचा.

खोलायला तसं सोपं.
हेडलाइट काढला, ब्रेकची नळी सुतळीनं टांगली,
वरचा नट, मग खालचा खाचांचा,
आणि चिमटा खाली घसरला त्या क्षणी
मी फडकं पसरायला विसरले होते.

आमचं गॅरेज समुद्रावर, लाकडी खांबांवर.
जमिनीच्या फळ्यांत बोटभर फटी.
छर्रे सांडले, वरचे, खालचे,
टपटप टपटप,
आणि मग आवाजच नाही:
भरती होती.

मी जीभ चावली. तो हसला.
"नवे रोलरचे आहेत. ते खेकड्यांना लखलाभ."

जुनी वाटी त्यानं माझ्या हातात दिली.
"डोळ्यांनी नको. नखानं बघ."
आत ओळीनं खळगे,
जात्याला टाकी लावावी तसे,
फक्त समोर आणि मागे.
बाकी सगळी आरशासारखी, न वापरलेली.

वरची वाटी छिन्नीनं निघाली.
एक घाव इकडे, एक तिकडे.
खालची हलेना. कड धरायला जागाच नाही.
दुपारभर मी ठोकत होते.
मग त्यानं वेल्डिंगची एक रेघ ओढली आत, गोल,
आणि चक्क येर्बाचा कडू चहा घेऊन बसला.
"ठोकू नकोस. निवू दे.
निवताना लोखंड अंग चोरतं."
दुसरा पेला संपायच्या आत
वाटी आपसूक खाली पडली, टण्.

नव्या वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये,
माशांच्या पिशव्यांत.
आतलं कडं सकाळी चुलीवर, पावाशेजारी.
ओतिलियाबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून:
"माझ्या घरात जेवण तेवढं कुठे ठेवू ते सांगा."
थंड ते आकसलं, गरम ते पसरलं,
आणि दोन्ही आपापल्या जागी बसली
हातोड्याला फारसं न विचारता.

आवळणं सगळ्यात कठीण.
आधी घट्ट, रोलर बसेपर्यंत. मग पूर्ण सैल.
मग जरासं. किती जरासं?
"जास्त आवळलंस तर गाडी हट्टी होते.
कमी, तर ब्रेक दाबला की ठकठक.
बोट लाव. सोड."
चाक आपल्याच वजनानं एका बाजूला कललं,
झोपेत कूस बदलावी तसं.
मधे कुठेच थांबलं नाही.

गुरुवारी रोसेन्दो परत आला, वैतागून.
"डुलते. हातात राहत नाही.
आधी सोडून दिलं तरी सरळ जायची."
निबाल्दोनं मान हलवत सगळं ऐकलं.
आकडीचा पान्हा नटावर चढवला,
दात आवळले, कपाळावर शीर आणली, हुंकार दिला.
मनगट केसभरही हललं नाही.
मी शेजारीच होते, मी पाहिलं.
"आता बघ."
रोसेन्दो देवळापर्यंत जाऊन आला.
"हां! आता कसं!"
आणि जाताना कोपऱ्यावरच्या डबक्याला,
ज्यातून तो कायम आरपार जायचा,
वळसा घालून गेला.

संध्याकाळी ओहोटीला मी खांबांखाली उतरले.
गुडघाभर चिखल, शिंपले, एक बूट.
चाळीसातले सात छर्रे सापडले.
खिशात ठेवलेत. कधीतरी बोटांनी फिरवते.
एकही धड गोल नाही.