पाणी कुठवर

अंबडच्या कारखान्यात मी बेअरिंगं मोजते.
केसाचे वीस भाग करा, त्यातला एक चुकला
तरी माल परत.
त्याच कामासाठी तीन महिने जपानला पाठवलं होतं,
उत्तरेकडच्या एका गावात, ज्याचं नाव
घरी कुणालाच धड म्हणता येईना.
आई सगळ्यांना सांगायची, टोकियोला आहे.

रविवारी ओइकावासान गाडी काढायचे.
एकदा एक बाग दाखवली: तळं, काठावर जोत्याचे दगड,
वरचं देऊळ आठशे वर्षांपूर्वीच जळालेलं.
लोक तिकीट काढून नसलेलं देऊळ बघत होते,
पाय न वाजवता.
मला सिन्नरचा गोंदेश्वर आठवला. तो तर उभा आहे,
आणि मी त्याच्याकडे पाठ करून
सहलीचा डबा खाल्लेला, सातवीत.

मग एकदा समुद्र.
चढाच्या वळणावर शेवाळलेला दगड, माझ्या खांद्याएवढा.
अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी वाचलं:
याच्या खाली घर बांधू नका.
लोकांनी ऐकलं?
"आजोबांनी ऐकलं."
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"बहिणीचं घर खाली होतं. उजेड छान यायचा."
गाडीत बसल्यावर एक संत्रं सोललं,
अर्धं मला दिलं, आणि किल्ली फिरवायला विसरले.

ऑगस्टात ते नाशिकला आले, नवं मशीन बसवायला.
लेणी चढून झाली होती. द्राक्षांचे दिवस नव्हते.
गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं,
अख्खं गाव घाटावर लोटलेलं,
भाजलेली कणसं, खांद्यावर पोरं, पुलावर मोबाइल.
काय बघायचंय, त्यांनी विचारलं.
मारुती, म्हटलं.

दुतोंड्या त्या गढूळ लोंढ्यात उभा,
एक तोंड इकडे, एक तिकडे.
हळदकुंकू विकणाऱ्या सखूबाई मोंढे आपण होऊन सांगू लागल्या:
"कमरेला लागलंय. छातीला आलं की मी टोपली उचलते.
गळ्याला आलं की सगळेच उचलतात.
एकोणसत्तरला दिसतच नव्हता म्हणे, सासू सांगायची."
कंबर, छाती, गळा:
कारखान्याच्या डॉक्टरांकडे शिकलेले शब्द
तेव्हा कामाला आले.

ओइकावासान बराच वेळ बघत राहिले.
"आमचा दगड वाचावा लागतो," म्हणाले,
"याला कंबर आहे."
आणि मग, माझाच प्रश्न मला: लोक ऐकतात?
मी सखूबाईंना विचारलं.
"ऐकून काय करू ताई? गिऱ्हाईक खालीच येतं."
याचं भाषांतर मला जमेना.
त्यांनी मागितलंही नाही.

एक कणीस घेतलं, तिखटमीठ लावून, दोघांत.
पाणी मांडीपर्यंत उतरलं की अजून कमरेलाच,
यावर मागे दोन म्हाताऱ्यांची पैज लागली होती.
"तुझं घर कुठे?"
सिडकोत, म्हटलं. उंचावर. तिसरा मजला.
त्यांनी मान हलवली, कणसाचा दाणा दातातून काढला.
"उजेड येतो?"
येतो, म्हटलं. दुपारनंतर.