कडा संपल्यावर

दोंडाईच्याच्या मार्केटात दिवसभर मिरची तोलतो मी.
संध्याकाळी बोटांना आधी तेल, मग दही, मग बेसन,
तरी उजव्या अंगठ्याच्या पेरात
एक निखारा राहतोच मागे.
त्याच अंगठ्याने मी उडी मारतो.

कॉम्प्युटर बंद पडलेल्या कॅफेतून बाराशेला उचललेला,
खेळ त्याच्या पोटात आधीपासूनच होता:
कंदील घेतलेला एक बुटका माणूस,
अकरा खोल्या, खाली काळं पाणी.
नुसता संपवायचा तर भटूचा भाचाही संपवतो,
दुधाचे दात पडलेले नाहीत अजून त्याचे.
म्हणून मी माझ्यापुरती अट घातली.
सहा मिनिटांच्या आत,
आणि वाटेतल्या एकाही नाण्याला न शिवता.

नाणी टाळणं फार अवघड.
ती बरोबर तिथेच ठेवलेली असतात जिथे कुणीही उडी मारेल.

नवव्या खोलीतली गोष्ट सांगतो.
कडा संपते, पाय हवेत जातात,
आणि त्यानंतरही चार चित्रं
खेळ तुम्हाला जमिनीवरच धरतो.
एका सेकंदाची साठ चित्रं, त्यातली चार.
पहिल्या तिनांत उडालात तर नाण्याला डोकं लागतं.
पाचव्यात पाणी.
चौथ्यात, खाली काही नसताना,
जमीन आहे असं समजून उडायचं.

तेही पूर्ण नाही. कळ दाबायची नाही, टिचकी मारायची,
आई तव्यावरच्या कळण्याच्या भाकरीला बोट लावते तशी.
मग वटवाघूळ येतं. त्याला चुकवायचं नाही.
पाठ द्यायची.
मार खाल्ला की बुटका जेवढा लांब फेकला जातो
तेवढं त्याला आपणहून कधीच उडता येत नाही.
हे कळायला मला पूर्ण पौष लागला.

डोळ्यांनी जमत नाही, उशीर होतो. कानांनी करावं लागतं.
बुटक्याचं पाऊल कडेवर जरा पोकळ वाजतं.
ते ऐकू यावं म्हणून पंखा बंद, खिडकी बंद,
भटूने खोकायचं नाही.
एक हजार नऊशे चौथी खेप चांगली चालली होती,
पथारीवरून वारा आला, वाळत्या मिरचीचा,
दाराच्या फटीतून,
आणि मी नवव्या खोलीत शिंकलो.

भटू हिशोब ठेवतो. तोलपावत्यांच्या मागच्या बाजूला
चार उभ्या, एक आडवी.
आई पडद्याआडून म्हणते, इतली रात व्हई गयी, आते जपी जाय.
तिला वाटतं हिशोब दुकानाचाच आहे.

मंगळवारी झालं.
पोकळ पाऊल, टिचकी, पाठीत वटवाघूळ,
आणि बुटका नाण्यांच्या भिंतीवरून
असा गेला की कंदीलही हलला नाही.
दहावी खोली मला आठवतच नाही.
अकरावीत, शेवटच्या पायरीशी, दार दिसत असताना
कंदिलाचा कोपरा कशाला तरी लागला.
टिंग.

पाच मिनिटं एकावन्न.
वरच्या कोपऱ्यात शून्याच्या जागी एक.

भटू पलंगावरून उठलाच. लिखी ले भो, लिखी ले!
कोपऱ्यावर अंगठा ठेवून म्हणाला,
कोन देखस?

मी पावती हातात घेतली, सुलट केली.
माझंच अक्षर.
वजन एकेचाळीस, कट्टी दोन.
ते दोन किलो रोज मीच कापतो, शेटला न विचारता,
समोरचा माणूस काट्याकडे बघतो, मग माझ्याकडे,
मी पुढचं पोतं ओढतो.

आमच्या बोलीत कुणी बघो, मी बघो,
क्रियापदाचं शेपूट बदलत नाही.
कोन देखस.
मी देखस.

भटू पुन्हा बसला. काही बोलला नाही,
पेनाचं टोपण दातात धरून
नवी उभी रेघ ओढली त्याने.
अंगठा चुरचुरत होता.
पहिली खोली, बुटका, कंदील.
दोन हजार तीनशे सतरा.