दुसरा गिअर

रे रोडच्या भंगारगल्लीत
हुसेन नाखव्यांनी कन्सोल उचकटला
आणि तळहातावर धरलं
नायलॉनचं बुश. शर्टाच्या बटणाएवढं,
एका बाजूनं झिजून नखाएवढं उरलेलं.
"बाई, ह्या एवढ्याशासाठी
अकरा वर्षं गाडीशी भांडलात?"

भांडले नव्हते.
दुसरा सरळ पडायचाच नाही.
आधी न्यूट्रलमध्ये थांबायचं, अर्धा श्वास,
मग मनगट जरा डावीकडे, आणि खाली.
माझगावच्या चढावर, मागे टँकर बोंबलत असताना
सासऱ्यांनी शिकवलेलं:
गिअर ढकलायचा नसतो गं,
विचारायचा असतो.

नाखव्यांनी काळं तेल काढलं,
नवं ओतलं, काकवीच्या रंगाचं.
लिंकेजला बोटानं ग्रीस लावलं,
मुलाच्या ओठाला तूप लावावं तसं.
साडेसहाशे. पावती नाही.

आता दुसरा पडतो
पितळी डब्याचं झाकण बसावं तसा.
टक्.

पी. डिमेलो रोडवर, रात्री दहाला,
सिग्नल हिरवा, पुढे कुणी नाही.
पहिला टाकला, क्लच दाबला,
आणि हात
न्यूट्रलमध्ये थांबला,
अर्धा श्वास.

कशानंच अडवलेलं नव्हतं.