दाजीपेठ-१

दुपारी पावणेतीनला पुन्हा लाल.
चौसष्ट यंत्रं हिरवी, एक लाल,
आणि ते एक आमचं:
दाजी पेठेत, वरच्या खोलीत, पत्र्याखाली,
पाठ उघडून उताणा ठेवलेला जुना लॅपटॉप
आणि त्याच्या तोंडाशी टेबलफॅन.
यादीत नाव दाजीपेठ-१.
दाजीपेठ-२ कधी झालंच नाही.

टेस्ट क्रमांक चारशे सतरा.
दोघे एकाच खात्यात लिहायला येतात,
एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तोवर थांबायचं,
मग त्यानंही लिहायचं. शेवटी नोंदी मोजायच्या: दोन.
एवढंच.
एकोणचाळीस वेळा दोन भरतात,
चाळिसाव्या वेळी एकच.

ओस्लोहून एस्पेन: आमच्याकडे होत नाही.
तैनानहून यि-जुन: आमच्याकडेही नाही, पुन्हा चालवून बघ.
पुन्हा चालवली. हिरवी.
डेटाबेस पुढे गेला, आम्ही पण.

मार्चमध्ये असं अकरा वेळा.
एप्रिलमध्ये मी मोजणं सोडलं.
'पुन्हा चालवा' हे बटण बोटाला आपसूक सापडायला लागलं,
जसा पाण्याच्या दिवशी पहाटे
अंधारात मोटरचा खटका सापडतो.

मग एस्पेननं फार सभ्यपणे सुचवलं,
दाजीपेठ-१ यादीतून काढू या.
संथ आहे, म्हणाला. आणि उगाच गोंगाट करतं.
गोंगाट.
खाली आठ माग चालू होते.
माझ्या टेबलावरचा चहा
दिवसभर स्वतःशीच थरथरतो, हे त्याला कसं कळावं.

'ठीक आहे' असं टाइप केलं, पाठवलं नव्हतं,
तेवढ्यात राजय्या मामा वर आले, पंखा मागायला.
माग दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेली त्यांची,
डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं फक्त बिघाड ऐकू येतो.
मी सांगितलं सगळं, जमेल तसं.
त्यांनी 'का' विचारलंच नाही.
म्हणाले, एप्पुडू?
कधी?

तिसरा माग, म्हणाले, सकाळी धागा तोडत नाही.
जेवणानंतर तोडतो. पट्टा तापतो, सैल पडतो.
मालक म्हणतो माग विकून टाक.
मशीन खोटं बोलत नसतंय गं,
बोलायलाच येत नाही त्याला.

पंखा ते घेऊन गेले.

मी तारखा काढल्या, वेळा काढल्या.
सगळे लाल एक ते पाचच्या मधले.
बाहेर त्रेचाळीस, पत्र्याखाली किती, देव जाणे,
आणि प्रोसेसर जीव वाचवायला निम्म्या गतीवर.
ओस्लोत दुपारी एक ते पाच
नुसतेच एक ते पाच असतात.

मग टेस्टची फाइल उघडली, ओळ न ओळ.
डेटाबेस बरोबर होता.
दुसरा लिहिणारा आपली पाळी येईपर्यंत
शहाण्यासारखा थांबला होता.
उतावीळ होती ती टेस्ट:
'दोनशे मिलिसेकंद थांब', आणि लगेच मोजणी.
झालं का, असं कुणाला विचारणं नाही.
ओळीच्या शेजारी शेरा: एवढं पुरे.

ही ओळ कुणाची, असं विचारलं.
राजेश्वरी येमुल.
चार वर्षांपूर्वीचा जानेवारी, गड्ड्याची यात्रा भरलेली,
स्वेटर घालून लिहिली असणार,
लवकर आटपून पाळण्यात बसायचं असणार.
एवढं पुरे.

ती ओळ खोडली.
आता टेस्ट दुसऱ्याला विचारते, झालं का,
आणि तो हो म्हणेपर्यंत मोजत नाही.
भर दुपारी दोन वाजता, पंख्याशिवाय,
चारशे वेळा चालवली.
लॅपटॉपला हात लावला तर पापड भाजला असता.
चारशेच्या चारशे हिरव्या.

एस्पेनला लिहिलं: चूक माझी होती, यंत्राची नाही.
त्यानं लिहिलं: राहू दे यादीत.
खाली अर्धा तास झाला, पाचशे तीन लाल झाली आहे,
या वेळी ओस्लोत.
माझं बोट बटणापर्यंत गेलं होतं.

जिन्यावरून पाहिलं,
तिसरा माग नुकताच थांबला होता.
मामा धाग्याकडे गेले नाहीत.
आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
मग खिशातली पेन्सिल शोधली.