डिपर

नाना पेठेत, टायरवाला आणि रेक्झिनवाला यांच्या मधल्या फटीत
यासीन शिकलगार बसतात.
एक शटर, एक स्टूल, खिळ्यांवर वायरींच्या गुंडाळ्या,
कोपऱ्यात मेलेल्या हॉर्नचा ढीग.

मी डिक्कीतून खोकं काढलं.
दोन स्पॉटलाइट, शंभर-शंभर वॉटचे.
म्हटलं, पानशेतच्या पुढे जावं लागतं रात्री-अपरात्री,
म्हैस अडली की फोन येतो,
आणि माझ्या बोलेरोचे हेडलाइट म्हणजे देवघरातली समई.

त्यांनी बल्ब उजेडाकडे धरला, अंडं पारखावं तसा.
"हे नकोत. पंचावन्नचे घाला.
आणि बंपरवर लावू. टपावर लावले
की पासिंगला गाडी परत, चौकात पावती वेगळी."
मी म्हटलं, सगळेच लावतात.
"सगळे लावतात," ते म्हणाले आणि स्टूल उचललं.

गाडीच्या समोर, दहा पावलांवर ठेवलं.
"बसा, डॉक्टर."
बसले.
माझ्याच शंभरवाल्यांच्या तारा
त्यांनी बॅटरीला नुसत्या टेकवल्या.

गल्ली गेली.
टायर गेले, शटर गेलं, मांडीवरचे माझे हात गेले.
डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत लाल.
कुणीतरी हसलं, कुठल्या बाजूला ते कळेना.
तारा सुटल्यावरही बराच वेळ
यासीनभाईंच्या तोंडाच्या जागी हिरवा ठिपका होता
आणि ठिपका बोलत होता:
"आत्ता तुम्ही मोटरसायकलवर होता. मागे बायको, बाजूला धरण."

मग दुपारभर रिले.
तीसवर बॅटरी, मध्ये फ्यूज, बॅटरीपासून वीतभरच.
सत्त्याऐंशीवर दिवे, पंच्याऐंशी बॉडीला,
शहाऐंशीला हेडलाइटच्या अप्परची तार.
"अप्पर असेल तरच हे दोघं जागे.
डिपर मारला की चौघांच्या माना एकदम खाली.
वेगळं बटण ठेवलं नाही मुद्दाम.
रात्री तीनला माणूस विसरतो.
रिले विसरत नाही, फार तर जळतो."

वर दोन काळी झाकणं दिली, लोणच्याच्या बरणीला शोभतील अशी.
गावात ही घालून. किरकटवाडी गेली की काढायची.

दांडेकर पुलाच्या सिग्नलला हवालदाराने
झाकणावर बोटाच्या पेराने टकटक केलं,
आत कुणी आहे का बघावं तसं.
"अप्परवर आहे?"
"अप्परवर."
जा म्हणाला.

तिसऱ्या रात्री फोन आला.
खडकवासल्याच्या पुढे उतरून झाकणं काढली,
आणि रस्ता पहिल्यांदा पुरता दिसला:
झाडांचे चुन्याचे पट्टे, कडेची खचलेली साइडपट्टी,
एक ससा, ठरवता न आलेला,
उजव्या हाताला पाण्याची काळी धार.
वळणावर समोरून एकच दिवा.
मी डिपर मारला. बॉनेटमध्ये टक् झालं.
अंधार आपल्या जागी येऊन बसला.
दुधाचे कॅन, कानटोपी, मागे शाल घेतलेली कुणीतरी.
त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.
तो रस्ता बघत होता.

गोठ्यात एक पिवळा बल्ब होता, तोही माझ्या पाठीमागे.
वासराचा एक पाय मुडपलेला, मागे.
खांद्यापर्यंत हात आत,
तिथे कसला उजेड आणि कसलं काय.
साडेचारला रेडी झाली, ओली, चिडलेली.

निघताना एकच झाकण सापडलं.
दुसऱ्यात घरच्या सुनेने मांजरीला चीक घातला होता,
आणि मांजर मान वर करायला तयार नव्हती.
राहू दिलं.

धायरी फाट्याच्या अलीकडे उजाडत असताना
डाव्या दिव्याला टॉवेल बांधला,
शेणाचे डाग आतल्या बाजूला करून.
गाठ सुटत होती.
नाना पेठ उघडायला अजून चार तास.