भरतीच्या रेषेखाली

गवतावर नको. खाली, ओल्या वाळूवर,
जिथे समुद्र येऊन स्वतः पुसून जाईल,
शोनाग म्हणते, आणि टपालाच्या व्हॅनचं मागचं दार उघडते.

यूइस्टचा पश्चिम किनारा. जूनमधले रात्रीचे नऊ,
म्हणजे घड्याळ म्हणतंय म्हणून रात्र.
रिकाम्या पिशव्यांमागून ती शेगडी ओढते:
मोडलेल्या वॉशिंग मशीनचं पोलादी पीप,
अंगभर भोकं, खाली तीन पाय,
भाच्यानं गेल्या हिवाळ्यात वेल्डिंग केलेले, एक जरा तोकडा.
अठरा वर्षं ज्यानं कपडे पिळले
ते आता वारा गाळतंय.

रुअरीनं ग्लासगोहून बाटली आणलीय,
शिंपडली की भपकन पेटवणारी.
शोनाग ती झाकणासकट परत व्हॅनमध्ये ठेवते.
"बांगडा खायचाय की पेट्रोलपंप?"
मग कोटाच्या खिशातून
मूठभर सुकलं हेदर, फळीच्या ढलप्या,
आणि भरून झालेलं विजेचं बिल.

या बेटावर झाड असं नाहीच.
कोळसा येतो बोटीनं, पलीकडच्या रानातून,
बुंध्याशी छाटलेल्या, पुन्हा फुटलेल्या भूर्जाचा.
भूर्ज! माझ्या मनात सालीवरच्या पोथ्या,
हिच्या मनात हिशोब:
चार बांगड्यांना दोन ओंजळी.
तिसरी ती पिशवीत परत टाकते,
एकेक तुकडा, चिल्लर मोजावी तशी.

कोळसा उगाळावा तितका काळाच.
ही म्हण मी हिला सांगायला गेले, तर म्हणाली,
उगाळता कशाला? थांबा की जरा.
आणि आम्ही थांबलो.
ज्वाळा होती तोवर कोणी जाळीला हात लावला नाही.
वीस मिनिटांनी कडा पांढऱ्या पडल्या,
मग सगळं पीप आतून नारिंगी,
धूर नाही, वासही जवळजवळ नाही.

तेवढ्या वेळात ती आम्हाला वर घेऊन गेली, कुरणाकडे.
पिवळी, जांभळी, नावं न येणारी फुलं,
कुठेतरी धान्यकोंबडा ओरडतोय,
कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा, दिसत मात्र नाही.
आणि मधोमध एक काळा आयत.
मागच्या ऑगस्टमधला. कोणीतरी पाहुणा,
दुकानातली वापरा-नि-फेका पत्र्याची तबकडी,
दोन सॉसेज, एक सूर्यास्त.
शोनागनं पाऊल ठेवून मोजलं: एक बूट रुंद, दीड बूट लांब.
मुळांपर्यंत भाजलंय, म्हणाली. टोस्टसारखं.

रुअरी बराच वेळ उकिडवा बसून होता.
"परत येईल का गवत?"
"मला काय विचारतोस, मी टपाल वाटते."

बांगडे नुसत्या मिठात. कातडी तडतडली,
चरबी निखाऱ्यावर पडून एकदाच शिव्या दिल्यासारखी फुसफुसली.
आम्ही बोटांनी खाल्ले. काटे समुद्राला.
बियरच्या बाटल्या पिशवीत, ज्या आल्या त्याच परत.

आता मला वाटलं, पाण्याची एक बादली नि झालं.
नाही. भिजलेला कोळसा पुन्हा पेटताना रुसतो.
ती बिस्किटांचा जुना डबा काढते,
चिमट्यानं एकेक निखारा आत निजवते,
झाकण दाबते. हवा नाही की आग नाही.
सकाळी निम्मा कोळसा शाबूत निघतो, म्हणते,
पुढच्या बुधवारचा.
राख वेगळी. ती कुरणाला नाही,
तिथल्या मातीत शिंपल्यांचा चुना आधीच पोटभर;
घरामागच्या आंबट, काळ्या मातीला, बटाट्यांना.

शेगडी उचलली तेव्हा वाळूत तीन खळगे,
एक उथळ.
पाणी पहिल्यात आलं, दुसऱ्यात आलं.
तिसऱ्यासाठी आम्ही थांबलो नाही, डास फार होते.

डबा दोन पायांच्या मध्ये, लाकडाच्या फळीवर. अजून गरम.
वळणावळणावर मागे
ती न उघडलेली बाटली
या भिंतीवरून त्या भिंतीवर
गडगडत होती,
आणि रुअरी म्हणत होता, गाडी थांबव,
मी पुन्हा एकदा तो आयत बघून येतो.