एका शब्दाची चिठ्ठी

सायकलच्या मागे बांधलेल्या बुटांच्या खोक्यात
शब्द गोळा करत हिंडायचा ओवन मक्योन,
आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनमाराच्या खडकांतून,
जिथे रस्ता संपतो आणि गाव मात्र संपत नाही.
एका शब्दाला एक चिठ्ठी. वर शब्द, खाली अर्थ,
त्याखाली: कोण बोललं, काय करताना.

त्या दिवशीच्या चिठ्ठीवर होतं, प्लायकीख्त.

मी मराठीत चाचपून पाहतो.
खोडी म्हणावं, तर ती कुणा एकाची काढावी लागते.
मस्ती अंगात येते, वात्रटपणा जिभेवर राहतो,
उपद्व्याप मागाहून कुणीतरी निस्तरत बसतं.
चावटपणा नकोच, त्याची नजर वेगळी.
जवळ येतात सगळे, पण उंबऱ्यापाशी थबकतात.

ओवनने विचारलं
पीटच्या ढिगाआड विडी ओढणाऱ्या तिघांना.
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.
तेव्हाच ओळखायला हवं होतं.

लाउरास म्हणाला, ओहोटीनंतर वाळूवर राहतो ना, तो पिवळट फेस.
त्याचा भाऊ म्हणाला, छे, होडीची गाठ ती, डावखुऱ्यांची.
तिसऱ्याने टोपी काढली,
घरातलं कुणी गेल्यासारखा आवाज लावला:
मेंढीला होतो. आधी कान झडतात.
मग ती उलटी चालायला लागते.

ओवनने तिन्ही उतरवून घेतले.
झडणाऱ्या कानांखाली रेघसुद्धा मारली.

वळून पाहतो तर सायकल
बाबीनच्या गोठ्याच्या छपरावर, चाकं आभाळाकडे.
सकाळपासून छळणारं पंक्चर मात्र
कुणीतरी गुपचूप काढून ठेवलेलं.

"हं, आता लिही," बटाटे सोलता सोलता
दारातून बाबीन म्हणाली.
"अर्थ छपरावर आहे. वापर मी सांगते.

"नवरा गेला माझा, जानेवारीत.
रात्रभर जागरण, घर भरून माणसं, आणि मी दगड.
पहाटे कुणीतरी प्रेताच्या अंगठ्याला दोरी बांधून
हळूच ओढली. चादर हलली.
पाद्रीबाबा खुर्चीसकट आडवे.
मी हसले रे. तीन दिवसांत पहिल्यांदा
घशातून काही बाहेर आलं.
त्याच्यामागोमाग रडूही आलं, वाट झालीच होती.
दोरी कुणाची, ते मी अजून विचारलेलं नाही.

"त्या आधीच्या साली पोरांनी
विधवा नोराची एकुलती होडी सोडून दिली, गंमत म्हणून.
त्याला हा शब्द लावू नकोस.
त्याला लागणारे शब्द तुला कुठेही मिळतील."

ओवनने लिहिलं. मग पेन्सिल थांबली.
खाली वाकून त्याने एक बटाटा उचलला
आणि सोलायला लागला, वाईट सोलला.

डब्लिनला, दिव्याखाली, चिठ्ठ्या लावताना
त्याने फेस फाडला. गाठ फाडली.
तिसरी हातात धरून बराच वेळ बसून राहिला.

अकरा वर्षांनी कोश आला,
निळ्या कापडात बांधलेला, पाच विद्वानांच्या सह्यांचा.
पान चारशे बारा. पहिला अर्थ बाबीनचा, दोरीसकट.
दुसरा: मेंढ्यांना होणारा एक विकार.
आरंभी कान झडतात.

गावात एकच प्रत पोचली.
लाउरासने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली,
आणि बराच वेळ कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

बाहेर मेंढ्या चरत होत्या.
कान शाबूत.
एकच, शेवटची, जरा मागे सरकल्यासारखी वाटली.